करार वाचणारे इंजिनिअर हवेत

वकील म्हटले की आपल्याला तालुक्याचे कोर्ट, काळा कोट आणि तारखांवर तारखा आठवतात. इंजिनिअर मुलाने वकिलीचे नाव काढले तर घरचे विचारतात, मग चार वर्षे कशाला घालवलीस? हिंजवडीत कोड लिहिणारी आपली मुले पुष्कळ आहेत. त्या कामाचा करार ज्या टेबलावर ठरतो, तिथे मात्र आपला माणूस माझ्या पाहण्यात क्वचितच आला.

आउटसोर्सिंगचा वकील काय बांधून देतो? काम कोणते, मुदत किती, यंत्रणा बंद पडली तर पैसे किती कापायचे आणि नुकसानभरपाई कोणत्या रकमेवर थांबवायची.

या शेवटच्या कलमाची परीक्षा लंडनमध्ये झाली. 2000 साली बीस्कायबी या टीव्ही कंपनीने ग्राहकसेवेची यंत्रणा उभारण्याचे काम ईडीएसला दिले. भरपाईची मर्यादा होती 3 कोटी पौंड. काम रखडले, प्रकरण कोर्टात गेले. मुदतीची खात्री देऊन काम मिळवणाऱ्या ईडीएसच्या अधिकाऱ्याने साक्षीत आपल्या एमबीएबद्दलही थापा मारल्या. स्कायच्या वकिलाने त्याच ऑनलाइन संस्थेतून लुलू नावाच्या कुत्र्याला एमबीए मिळवून दिले, तेही जास्त गुणांनी! 2010 च्या निकालात फसवणूक सिद्ध झाली, तिच्यापुढे मर्यादेचे कलम टिकले नाही, आणि अखेर 31.8 कोटी पौंडांवर तडजोड झाली.

किस्सा लुलूचा सांगितला जातो, पण खटला फिरला तो एका साध्या प्रश्नावर: मुदत सांगण्याआधी कोणी नीट अंदाज बांधला होता का? प्रोजेक्ट प्लॅन आणि ईमेल चाळून हे ओळखायला कोड लिहिलेला माणूस लागतो.

रस्ता पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीचा. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी. दूरस्थ शिक्षणाची एलएलबी सनदेला चालत नाही. ज्याच्या पगारावर घर चालते त्याने हा हिशेब आधी करावा. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. कंपनीच्या कायदा विभागात करार मिळतील, कोर्ट नाही.

तोवर स्वतःचे नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचे नाही, ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. बाँडचे तसे नाही: 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा 2 लाखांचा बाँड वैध ठरवला आहे.