पूर ओसरल्यानंतरची सेवा

कुंडलिकेने इशारा पातळी ओलांडली की वृत्तपत्रांना रोह्याची आठवण होते आणि भोगावतीचे पाणी वस्तीत शिरले की पेणची. पाणी ओसरले की ही आठवणही ओसरते. परंतु ज्याच्या माजघरात गुडघाभर पाणी आणि त्याखाली वीतभर गाळ साचलेला असतो, त्याचे खरे संकट त्याच दिवशी सुरू होते. बुडणाऱ्याला वाचविणारे हात समाजाकडे आहेत, भुकेल्याला अन्नाची पाकिटे पोहोचविणारेही आहेत. उणीव आहे ती तिसऱ्या दिवशी फावडे आणि घमेले घेऊन दारात उभे राहणाऱ्यांची.

या भागातील पूर समजून घेतला पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांतच सखल भागात उतरतो. मुळशी धरणाचे पाणीही भिरा येथील वीजगृहातून कुंडलिकेत येते. त्याच वेळी समुद्राला उधाण असेल तर खाडी नदीचे पाणी स्वीकारत नाही. ते मागे फिरते आणि वस्तीत शिरते. पेणच्या खारेपाटात बांधाला खांड गेली तर घरात येणारे पाणी खारे असते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि रोहा तालुक्यातील नागोठणेही जलमय केले. २६ जुलै २००५ रोजी साऱ्या जिल्ह्यावर प्रलय कोसळला. महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते येथे दरडींनी माणसे गाडली. मृत्यूच्या त्या तांडवापुढे चिखलाने भरलेल्या घरांचे दुःख कोणास सांगण्याजोगेही वाटले नाही.

कोकणातील पाणी ज्या वेगाने येते, त्याच वेगाने बहुधा ओसरते. असे असताना घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असेल तरच कपडे आणि भांडी यांसाठी साहाय्य, ही अट शासकीय निकषांत अनेक वर्षे होती. सहा तासांत संसाराची माती झाली, तिला अठ्ठेचाळीस तासांचे माप कसे लावणार? ही अट वेळोवेळी शिथिल करावी लागली, यातच तिची व्यर्थता सिद्ध होते. नुकसानीचे मोजमाप घड्याळाने न करता भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेने करावे, असा कायमचा नियम असावयास हवा.

घरातील पाणी काढणे हे वरवर पाहता अडाणी श्रमाचे काम वाटते, पण ते तसे नाही. पहिला नियम हा की घाई करू नये. भोवतालचे पाणी घरातील पाण्याहून खाली गेल्यावाचून पंप लावू नये. आतील पाणी एकदम उपसले तर बाहेरच्या पाण्याचा सारा दाब भिजून मऊ झालेल्या भिंतींवर येतो. विटा-मातीचे जुने घर पुरात टिकते आणि अशा उपशात बसते. विजेचा प्रवाह बंद असल्याची खात्री होईपर्यंत पाण्यात पाऊल ठेवू नये. डिझेलचा पंप घराबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावा, कारण त्याचा धूर बंद खोलीत प्राणघातक ठरतो. गाळ ओला असतानाच ओढावा, कारण सुकल्यावर तो फरशीला घट्ट धरतो. काढलेला गाळ गटारात लोटला तर पुढच्याच सरीला तो परत दारात येतो. पाणी खारे असेल तर भांडी, यंत्रे आणि भिंती गोड्या पाण्याने धुवाव्यात. सामान हलविण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी हात रिकामे राहत नाहीत. अनवाणी चिखलात उतरू नये. गाळात साप-विंचू असतात आणि पायावरील लहानशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिस शरीरात शिरतो. त्यानंतर ताप आला तर डॉक्टरकडे जाण्यास एक दिवसही दवडू नये. विहिरीचे पाणी निर्जंतुक केल्यावरही उकळूनच प्यावे.

पेणच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पेण, हमरापूर आणि जोहे येथील कारखान्यांत जुलै महिन्यात गणेशमूर्ती हजारोंच्या संख्येने रांगेत उभ्या असतात. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते आणि प्लास्टरच्या मूर्तीचा रंग जातो. तेथे एक फूट पाणी शिरणे म्हणजे वर्षाची कमाई वाहून जाणे होय. २००५ साली प्रलयानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, ७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. दूरदूरच्या घरांतून ज्याची पूजा होते त्या गजाननाचे रूप घडविणाऱ्या हातांना अशा वेळी चार हातांची साथ मिळू नये काय?

आज रोहा-पेणच्या अनेक घरांत केवळ वृद्ध राहतात. मुले मुंबई, पनवेल, पुणे येथे नोकरीस आहेत. सत्तरीतील आजीने भिजलेली गादी कशी उचलावी? हा प्रश्न शासनाचा नव्हे, शेजाऱ्याचा आहे. खारेपाटातील बांध पूर्वी गावकऱ्यांनी मिळून राखले. तीच वृत्ती घराच्या उंबरठ्यापर्यंत आली पाहिजे. प्रत्येक गावाने ज्येष्ठ महिन्यातच एक डिझेल पंप, नळ्या, फावडी, घमेली, रबरी बूट आणि विरंजक चूर्ण यांचा संच सज्ज ठेवावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, विधवांची आणि रुग्णांची यादी करावी आणि कोणत्या घरी कोणी जावयाचे, हे आधीच ठरवावे. गाळ उपसताना ते घर कोणत्या आळीतले, कोणत्या जातीचे, कोणत्या पक्षाचे हे विचारू नये. चिखलाने ते आधीच पुसून टाकलेले असते.

या सेवेचे छायाचित्र बहुधा कोणी काढणार नाही. पण सायंकाळी त्या घरातील चूल पुन्हा पेटेल आणि चहाचे आधण चढेल. त्या आधणाखेरीज दुसऱ्या पावतीची अपेक्षा कार्यकर्त्याने ठेवू नये.