अब्बांची मापाची वही

डिसेंबर लागला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो सहावीतल्या मागच्या बाकावरच्या मुलीने विचारला, "टीचर, मैत्रिणीला 'हॅपी नाताळ' म्हटलं तर गुनाह होतो का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. इतकी वर्षं शिकवतेय, पण हातातला खडू हातातच राहिला. कारण हाच प्रश्न मी एकदा माझ्या अब्बांना विचारला होता. माझा सूर मात्र या मुलीसारखा भाबडा नव्हता.

माझे मरहूम अब्बा वसईत टेलर होते. पापडीच्या बाजारात छोटंसं दुकान, दोन पायमशिनी आणि भिंतीला खिळ्यावर लटकवलेली मापाची पट्टी. धंद्याचे मोसम तीन : ईद, दिवाळी आणि नाताळ. त्यात नाताळ सगळ्यात मोठा. वसईत १५३४ साली पोर्तुगीज आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. मागे चर्च राहिली, आडनावं राहिली आणि 'नाताळ' हा त्यांचा शब्दही राहिला. आज तो आपण सगळेच मराठी म्हणून बोलतो.

नोव्हेंबर सुरू झाला की लाल लुगडं नेसलेल्या आज्या नातवंडांना घेऊन दुकानात यायच्या. अब्बा त्यांच्याशी त्यांच्याच कादोडीत बोलायचे. फ्रॉकच्या झालरी, मुलांच्या पॅंटी, नव्या नवरीचं ब्लाउज. डिसेंबरात रात्री एक-दीडपर्यंत मशीन चालायची. अम्मी काज-बटण करायची आणि तयार कपडे घरोघरी पोचवायचं काम माझं. सायकलच्या कॅरिअरला पिशवी बांधायची आणि वाड्यावाड्यांतून फिरायचं. दारोदारी चांदणीचे कंदील, अंगणात मुलांनी उभारलेला गोठा, त्यात हिरवळ दिसावी म्हणून उगवलेलं धान्य. परत येताना पिशवी रिकामी नसायची. करंज्या, कुलकुल, केक.

केकबद्दल सांगायला हवं. एका घरी आमच्यासाठी केकचा वेगळा साचा लागायचा, दारू न घालता. त्याला त्या घरात नावच पडलं होतं, 'टेलरचा केक'. अब्बांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. त्या घरानेच ते ओळखलं होतं.

अब्बांना नाताळ मनापासून आवडायचा, हे मी लपवणार नाही. पण ते मिस्सेला कधी गेले नाहीत, घरात चांदणी लावली नाही. चोवीस तारखेला शेवटचा कपडा गेला की दुकानाची फळी लावायचे, इशाची नमाज पढायचे आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यावरून लोक चर्चकडे निघालेले असायचे. अब्बा त्यांच्या अंगावरचे कपडे बघायचे. "ती बघ, बाही बरोबर बसलीय." बस, एवढाच त्यांचा नाताळ.

मग २००० साल आलं. त्या वर्षी नाताळ रमजानच्या अखेरच्या दिवसांत आला होता, ईद अवघ्या दोन-तीन दिवसांवर. दोन्ही मोसम एकावर एक. मी तेव्हा बी.एड. करत होते. नवं नवं वाचलेलं, ऐकलेलं डोक्यात भरलेलं आणि जिभेला धार. एका संध्याकाळी इफ्तारनंतर मी दुकानातच म्हणाले, "अब्बा, रोज्यात तुम्ही त्यांच्या सणाचे कपडे शिवता, वर त्यांना मुबारकबादही देता. कयामतच्या दिवशी काय जबाब द्याल?"

दुकानात तेव्हा दोन ख्रिस्ती बायका बसल्या होत्या. अब्बांकडे ईदचं काम तुंबलंय म्हणून त्या स्वतःहून आमच्या ईदच्या कुर्त्यांना बटणं लावत होत्या. हे मला दिसत होतं, तरी मी बोलले. त्यांनी माना खाली घातल्या. अब्बा काही बोलले नाहीत. मशीन मात्र थांबली.

सेहरीच्या वेळी त्यांनी कुरआन माझ्यासमोर ठेवलं. "सूरह मरियम काढ. तर्जुमा मोठ्याने वाच."

मी वाचलं. कुरआनात नावाने उल्लेख झालेली बाई एकच, ती म्हणजे हजरत मरियम. तिच्या नावाची अख्खी सूरह, एकोणिसावी. प्रसूतीच्या वेणा सुरू होतात, ती लोकांपासून दूर, एकटी, खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी येते, मरण मागते. तिला दिलासा मिळतो, पायाशी पाणी आणि झाडावरून खजूर. मग ती बाळ घेऊन लोकांत येते तेव्हा लोक बोल लावतात आणि पाळण्यातले हजरत ईसा (अलैहिस्सलाम) स्वतः बोलतात.

अब्बा म्हणाले, "हीच सूरह हजरत जाफर यांनी हबशाच्या बादशहाला ऐकवली होती. बादशहा ईसाई होता. मक्केत छळ होत होता तेव्हा आपल्या लोकांना आसरा त्यानेच दिला. ऐकून रडला तो." मग जरा थांबून म्हणाले, "खुदाला मुलगा नाही, हे मी मानतो. ते लोक वेगळं मानतात. ते त्यांनाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण मरियमजवळ त्या वेळी एक शेजारीणसुद्धा नव्हती, बेटा. आपल्याला शेजार मिळालाय. त्याचा हिशेबही द्यावा लागेल ना?"

माझ्याकडे जबाब नव्हता. पण जबाब नसला म्हणजे माणूस बदलतो असं नाही. मी त्या वर्षी कपडे पोचवायला गेले नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग नोकरी लागली, लग्न झालं, नालासोपाऱ्याला राहायला गेले. नाताळचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. तयार कपड्यांची दुकानं वाढली आणि अब्बांची गिऱ्हाइकं कमी होत गेली. शेवटी उरल्या काही आज्या, आणि नाताळची दोन-चार गिऱ्हाइकं.

गेल्या पावसाळ्यात अब्बा गेले. जनाजा निघाला तेव्हा गल्लीत टोप्यांइतकीच उघडी डोकी होती. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. दुपारी ख्रिस्ती आळीतून मोठ्या पातेल्यात जेवण आलं. साधं डाळ-भात आणि भाजी. मटण-चिकन मुद्दाम नव्हतं, आम्हाला चालेल की नाही हा प्रश्न त्या दिवशी तरी कोणाला पडू नये म्हणून.

दुकान रिकामं करताना मला मापांच्या वह्या सापडल्या. नाव मराठीत, मापं आकड्यांत आणि समासात पेन्सिलीने बारीक उर्दूत शेरे. मी उर्दू शिकवते, तरी ते अक्षर लावायला वेळ लागला. एका नावासमोर लिहिलं होतं : 'डावा खांदा खाली आहे. तिला सांगू नये, अस्तराने भरून घ्यावा.' दुसऱ्यासमोर : 'वाढतं वय, शिवणीत दोन बोटं कापड ठेवणे.' एका पानावर : 'वडील वारले. शिलाई मागू नये.' त्या ओळीपुढे रकमेची जागा कोरी होती. अशा कोऱ्या जागा मी मोजू लागले आणि मग मोजणं सोडून दिलं.

प्रत्येक डिसेंबरच्या पानावर शेवटच्या रकान्यात माझं नाव होतं, कपडे कोणी पोचवले ते कळावं म्हणून. २००० सालच्या पानावर माझं नाव नव्हतं. तिथे एकच शब्द, ओळीमागून ओळ : 'खुद.' म्हणजे ते स्वतः गेले होते. रोजा ठेवून, दिवसभर मशीन चालवून, मग तरावीह पढून. सायकलवरून.

त्या दोन बायकांची माफी मी मागितली नव्हती. अब्बांचीही मागायची राहिली, आणि ती आता फक्त दुआत मागता येते. त्यांतली एक बाई हयात आहे. मी वही घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या नावासमोरचा शेरा वाचून दाखवला. तो काय होता, ते तिच्यापाशीच राहू द्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "पोरी, तुझे बाबा त्याच रात्री फ्रॉक घेऊन आले होते. म्हणाले, माझी मुलगी शिकतेय अजून."

मी अजून शिकतेच आहे.

वर्गातल्या त्या मुलीला मी काय सांगितलं, ते तुम्ही विचाराल. मी आलिमा नाही. मुबारकबाद द्यावी की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, आणि फतवा देणं माझं काम नाही. हे मी तिला सांगितलं आणि घरी अम्मी-अब्बांना विचारायलाही सांगितलं. मग विचारलं, "तुझ्या मैत्रिणीच्या घरात कोण कोण असतं?" तिला माहीत होतं. आई नर्स आहे, रात्रपाळी असते. आजी आजारी आहे. नाताळाला मामा येणार आहे. ती सांगत गेली आणि वर्ग ऐकत राहिला.

मी म्हटलं, "आजीची तब्येत विचारायला जा. त्यात कोणाचाच मतभेद नाही."

वाचकहो, तुमच्या शेजारच्या घरासमोर तुमच्या वहीत काय शेरा आहे? अल्लाह माझ्या अब्बांची मगफिरत करो. आमीन.