वैनगंगेचा पूल, टोलनाका आणि कामगाराची बस

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील आयुधनिर्माणीमुळे. 24 जानेवारी 2025 रोजी तेथे भीषण स्फोट झाला आणि ते नाव देशभर पोहोचले. त्या दुःखाची दखल सर्वांनी घेतली. या परिसरातील माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही.

जवाहरनगर नागपूर आणि भंडारा यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत आहे. पूर्वी या मार्गाचा क्रमांक 6 होता, आता तो 53 आहे. पश्चिमेला नागपूरकडे जाताना मौद्याजवळ कन्हान नदी लागते, तर पूर्वेला लाखनी-साकोलीकडे निघालो की भंडारा शहर ओलांडताच वैनगंगा. महामार्गाचे चौपदरीकरण झाले तेव्हा काम दोन कंत्राटांत विभागले गेले. नागपूर ते वैनगंगा पूल सुमारे 45 किलोमीटर आणि वैनगंगा पूल ते छत्तीसगड सीमा सुमारे 80 किलोमीटर. पहिल्या टप्प्याचा टोलनाका माथनीला, दुसऱ्याचा सेंदूरवाफ्याला. म्हणजे कागदोपत्री ही नदी दोन टोलरस्त्यांची सीमारेषा ठरली. लाखनीहून नागपूरच्या रुग्णालयात नोकरीला येणारी परिचारिका किंवा कारध्याहून जवाहरनगरला निघालेला कामगार यांच्या दृष्टीने मात्र हा एकच रस्ता आहे आणि त्यावर एकच पूल आहे. कारध्याचा जुना ब्रिटिशकालीन लहान पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो. मग सगळा भार मोठ्या पुलावर येतो. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला तेव्हा एका पुलावर विसंबून राहणे म्हणजे काय, हे भंडारेकरांनी अनुभवले.

आता शहराला वळसा घालणारा सहापदरी बायपास आणि नवा पूल यामुळे अवजड वाहनांचा ताण हलका होईल, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि जगभरचा अनुभव असा की नव्या पुलावरची मोकळी जागा काही वर्षांतच नव्या मोटारींनी भरून जाते. म्हणून पुलाबरोबर दोन प्रश्न विचारणे भाग आहे. पुलाचे पैसे कोणी भरायचे? आणि ज्याच्याजवळ मोटार नाही, त्याने नदी कशी ओलांडायची? आपल्याकडे पहिल्या प्रश्नावर मोर्चे निघतात, निवडणुका लढवल्या जातात. दुसरा प्रश्न बसथांब्यावर उभा राहतो.

टोलविरोधाचा इतिहास पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. राज्य शासनाने 1 जून 2015 पासून 12 टोलनाके बंद केले आणि आणखी 53 नाक्यांवर लहान वाहनांना व एसटी गाड्यांना सूट दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोल्हापूरचा टोल दीर्घ आंदोलनानंतर रद्द झाला. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलकी वाहने टोलमुक्त झाली. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, हे वाचकांना आठवत असेल. लोकांना दिलासा मिळाला, यात शंका नाही. परंतु अशा माफीची भरपाई अखेर शासकीय तिजोरीतून किंवा वसुलीची मुदत वाढवून होते. ज्याने आयुष्यात कधी मोटार घेतली नाही, तोही त्या भरपाईत आपला वाटा उचलतो.

टोल कसा आकारला जातो, हेही पाहण्याजोगे आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या नियमांत मोटारीचा मूळ दर किलोमीटरला 65 पैसे होता, तर बस आणि ट्रकचा 2 रुपये 20 पैसे. दरवर्षी महागाईनुसार हे आकडे वाढत गेले. जड वाहनाने रस्ता अधिक झिजतो हे या दरांमागचे तत्त्व आहे आणि त्यात तथ्य आहे. मात्र कोंडी वजनाने होत नाही, व्यापलेल्या जागेने होते. चाळीस माणसे नेणारी बस जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेत दोन-तीन मोटारी उभ्या राहतात आणि त्यांत बहुधा चार-पाचच माणसे असतात. त्यातच 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास आला. आरंभी त्याचा दर 3000 रुपयांत 200 फेऱ्या असा ठेवला गेला, म्हणजे फेरीला अवघे 15 रुपये. हा पास केवळ खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांच्यासाठी आहे. बसला तो नाही, टॅक्सीलाही नाही. स्वतःच्या मोटारीने नदी ओलांडणे स्वस्त झाले आणि बसचा टोल होता तसाच राहिला. दरमाणशी हिशेब केला तर बसचा प्रवासी आजही कमी टोल भरतो, हे मान्य. पण ज्या पुलावर गर्दी कमी व्हावी असे आपण म्हणतो, त्याच पुलावर शासन कोणाला प्रोत्साहन देते, ते यातून दिसते.

स्वीडनच्या राजधानीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. स्टॉकहोम बेटांवर वसलेले आहे, त्यामुळे शहरात शिरताना पूल ओलांडावेच लागतात. तेथे 3 जानेवारी 2006 रोजी प्रायोगिक स्वरूपात कोंडीशुल्क सुरू झाले. पण त्याआधी, ऑगस्ट 2005 मध्येच, नव्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या गेल्या होत्या. आधी पर्याय, मग शुल्क. वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. प्रयोग संपल्यावर शहरातील मतदारांनी सार्वमतात त्याच्या बाजूने कौल दिला आणि 2007 मध्ये शुल्क कायम झाले. लंडननेही 2003 मध्ये असे शुल्क लावताना त्याचे उत्पन्न वाहतूक व्यवस्थेवरच खर्च करण्याचे बंधन घालून घेतले. भंडारा म्हणजे स्टॉकहोम नव्हे, हे सांगायला तज्ज्ञ नको. परंतु क्रम उलटा केला की टोल ही निव्वळ वसुली उरते, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखीच खरी आहे.

आपल्याच राज्यातील अटल सेतूकडे पाहा. जानेवारी 2024 मध्ये सुमारे 22 किलोमीटरचा हा सागरी पूल मोटारीसाठी एकेरी 250 रुपये दराने खुला झाला. दुचाकींना तेथे प्रवेश नाही. पुढील महिन्यात पुण्याच्या शिवनेरी गाड्या आणि मार्चमध्ये बेस्टची बस तेथून धावू लागली, तेव्हा कुठे सामान्य माणसाला त्या पुलाचा काही उपयोग झाला. वसईच्या खाडीचे दुखणे आपल्या अनेक वाचकांना नव्याने सांगायला नको. रेल्वेने समोर दिसणारे भाईंदर रस्त्याने तीस किलोमीटरहून अधिक दूर पडते. 20 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झालेल्या रो-रो बोटीने थोडी सोय केली, पण खाडीवर रस्तापूल हवाच.

पवित्र शास्त्रात मत्तय जकातनाक्यावरून उठून प्रभूच्या मागे गेला, हे आपण जाणतो. त्याच्याच शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू पेत्राला विचारतो की राजे जकात आपल्या मुलांकडून घेतात की परक्यांकडून. तेथील विषय मंदिराच्या कराचा आहे, पण ओझे कोणावर पडते हा प्रश्न कोणत्याही नाक्यावर विचारता येतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात शहरांतील वाहतुकीचा मुद्दाम उल्लेख केला. एकदोघांना वाहून नेणाऱ्या मोटारींनी रस्ते भरतात, म्हणून सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य द्यावे, असे त्यांनी सुचवले. प्रवासात लोकांना मिळणाऱ्या अपमानास्पद वागणुकीकडेही त्यांनी लक्ष वेधले. सायंकाळच्या एसटीत दारात लोंबकळणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

एसटीने महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मे भाडे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना त्याआधीच मोफत प्रवास दिला. या योजना चांगल्या आहेत. पण गाडीच वेळेवर आली नाही तर सवलतीचा उपयोग काय? जानेवारी 2025 मध्ये सर्वसाधारण भाडे जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढले. शिवाय भंडारा रोड स्थानक शहरात नसून वरठीला आहे. हावडा-मुंबई हा देशाचा प्रमुख लोहमार्ग इतक्या जवळून जातो, तरी गाडीपर्यंत पोहोचायला आधी दुसरे वाहन शोधावे लागते. नागपूर ते भंडारा रोड ब्रॉडगेज मेट्रोसाठी रेल्वे आणि महामेट्रो यांच्यात 2018 मध्ये करार झाला होता. ती मेट्रो अद्याप धावलेली नाही. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा भंडारा मार्गावर ट्रान्सपोर्टनगरपर्यंत येणार आहे, म्हणजे कन्हान नदीच्या बऱ्याच अलीकडे तो थांबेल.

तोवर काही गोष्टी केंद्र आणि राज्य शासनाला सहज करता येतील. माथनी आणि सेंदूरवाफा येथे एसटीला टोलमाफी द्यावी आणि वाचलेल्या रकमेतून लाखनी-भंडारा-जवाहरनगर-नागपूर मार्गावर सकाळ-संध्याकाळ जादा फेऱ्या सोडाव्यात. कारखान्याच्या पाळ्या सुटण्याच्या वेळा आणि बसचे वेळापत्रक यांचा मेळ घालावा. वरठी स्थानकावर प्रत्येक पॅसेंजरला जोडून भंडाऱ्याची बस उभी असावी. अशा मागणीचे निवेदन आगारप्रमुखांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे धर्मग्रामातील तरुणांनाही इतर ग्रामस्थांसोबत देता येईल. सोबत आठवडाभर थांब्यावर बसून कोणती गाडी किती वाजता आली याची वही ठेवली, तर त्या निवेदनाला वजन येईल.