रुक्ष कोण : डोंगर की दृष्टी?

गेल्या मार्चमध्ये आम्ही काही विद्यार्थ्यांसह अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्यावर दिवसभराची पायपीट केली. शहानूरहून चढू लागलो तेव्हा सागाची वाळली पाने पायाखाली करकरत होती, सलई निष्पर्ण उभी होती आणि दहा वाजताच दगड तापले होते.

परतल्यावर अनुभवलेखन मागवले. एका विद्यार्थिनीने हिरवेगार डोंगर, खळाळते झरे आणि ढगांची दुलई रंगवली. यातले त्या दिवशी तेथे काहीच नव्हते. दुसऱ्याने लिहिले की, गडावर सावली नव्हती, म्हणून आम्ही शक्कर तलावाकाठी ज्या झाडाखाली बसलो तेथे वानरेही येऊन बसली. पहिल्या लेखनाला आमच्यातल्याच एकाने सर्वाधिक गुण दिले. दुसऱ्यावर शेरा होता, ‘शैली रुक्ष’.

हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे, मराठी शिकवणाऱ्या आमचा आहे. डोंगर म्हणजे सह्याद्री आणि सह्याद्री म्हणजे पावसाळा, हे समीकरण आम्ही निसर्गवर्णनाचा मानदंड म्हणून वर्षानुवर्षे शिकवले. दुर्गभ्रमणाच्या लेखनाचे अध्वर्यू गो. नी. दांडेकर १९१६ साली जन्मले ते गाविलगडच्या डोंगरांलगतच्या परतवाड्यात. पण त्यांचे नाव घेताच आमच्या वर्गात राजगड उभा राहतो, गाविलगड नाही.

मारुती चितमपल्लींनी हे रान लिहिले आहे, असा आक्षेप येईल. लिहिले आहेच. परंतु त्यांना ‘वनसाहित्य’ या वेगळ्या कप्प्यात ठेवून मुख्य गद्यपरंपरेची चर्चा त्यांच्याविना करण्याची सोय आम्हीच केली ना?

‘उजाड’ हे विशेषण डोंगराचे नसून न पाहणाऱ्याचे आहे. सलई पाने टाकते ती मरत नाही, पाणी राखते. नरनाळ्यावरचे तलाव आणि टाकी हेच राखणे दगडात सांगतात. तेथे महाकाली दरवाज्यावर १४८७ सालचा शिलालेख आहे. म्हणजे या ‘रुक्ष’ जागी माणसाने पाच शतकांपूर्वी सुंदर अक्षरे कोरली. त्या अक्षरांना पावसाची गरज भासली नव्हती.

ज्याला स्वतःच्या उन्हासाठी शब्द मिळत नाहीत, तो विद्यार्थी आपला प्रदेश दुसऱ्याच्या प्रदेशातील उणीव म्हणून पाहू लागतो. हे केवळ वाङ्मयीन नुकसान नव्हे. म्हणून आधी तो शेरा आम्ही मागे घेतो. ते लेखन रुक्ष नव्हते. ते खरे होते.