चिठ्ठीवरचे जळगाव

गेल्या महिन्यात कपाट आवरायला काढले. वीसेक वर्षांत जमलेले स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट खाली उतरवले, हवेच्या फुग्याने धूळ उडवली आणि डब्यांतल्या चिठ्ठ्या पहिल्यांदाच सलग वाचल्या. अकरा चिठ्ठ्यांवर ‘जळगाव’. नमुन्यांच्या बुडाचा दगड मात्र एकमेकांशी जुळेना. एकाचा काळा, घट्ट. दुसऱ्याचा तांबूस, बोटाने खरवडला तरी निघणारा. त्यांतले दोन ज्यांच्याकडून घेतले होते त्यांना फोन केला, “जळगाव म्हणजे नेमकं कुठलं हो?” ते म्हणाले, “पार्सल जळगावहून आलं होतं, साहेब.” यात त्यांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही. घेताना मी स्फटिकाची टोके भिंगाखाली तपासली, भावात घासाघीस केली, आणि गाव विचारायचेच राहिले.

हे दुखणे जुने आहे. एकोणिसाव्या शतकात भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा निघालेले झिओलाइट युरोपातल्या संग्रहांत गेले. तिकडच्या जुन्या चिठ्ठ्यांवर ‘पूना’ एवढेच सापडते, मग माल घाटातला असो की शहराजवळच्या टेकडीतला. ‘पूनालाइट’ नावाचे एक खनिजही काही काळ पुस्तकांत होते. पुढे ते वेगळे खनिज नव्हे असे ठरले आणि नाव गळाले. चिठ्ठ्यांवरचा ‘पूना’ तेवढा टिकला.

मांडणीच्या शोभेपुरते पाहायचे तर गावाने काही बिघडत नाही. पण दख्खनच्या लाव्ह्याचे थर एकावर एक चढलेले आहेत आणि कोणत्या पातळीवरच्या पोकळीत कोणते खनिज भरते यालाही एक क्रम आहे. सुखेशवाला, अवासिया आणि गंगोपाध्याय यांनी १९७४ साली पश्चिम भारतातल्या झिओलाइटचे पट्टे मांडले, ते कोणता नमुना कुठून निघाला हे माहीत होते म्हणूनच. वाघोलीचे कॅव्हन्साइट घ्या. हे खनिज आणि त्याचे भावंड पेंटागोनाइट, दोघांचीही पहिली नोंद १९७३ सालची, अमेरिकेतल्या ओरेगनमधली. दोघांचे रासायनिक घटक तेच, ठेवण वेगळी. निळ्या गोळ्यांनी जगभरच्या संग्राहकांना वेड लावले ते मात्र वाघोलीने. वाघोलीच्या आसपास खाणी पुष्कळ होत्या, पण ही निळाई त्यांतल्या थोड्याच जागी सापडली. तेव्हा ‘वाघोली, पुणे’ एवढी चिठ्ठीसुद्धा अर्धवटच म्हणायची. खाण कोणती, कोणत्या बाजूची दरड, किती खोलीवर, हे तेव्हाच विचारले तर कळते. पाच वर्षांनी विचारायला तिथे खाण उरत नाही. मालाड-कांदिवलीच्या ज्या खाणींतून प्रेहनाइट आणि ओकेनाइट आले, तिथे आता मुंबई पसरली आहे. विहिरींचे आयुष्य तर त्याहून थोडे. सुरुंग लागला, पोकळी उघडली, दोन दिवसांत हाताला लागेल तेवढे निघाले. पुढे कडे बांधून काढले, पाणी भरले, संपले. ती जागा यापुढे कागदावरच राहणार, तीही कोणी लिहिली असेल तर.

व्यापारी वाचकांची अडचण मला कळते. जागा सांगितली की उद्या तिथे दुसरा गाडी घेऊन हजर होतो. खाणवाल्यालाही गाजावाजा नको असतो. त्याचे लक्ष खडीच्या ब्रासवर, पोकळीसाठी तो क्रशर थांबवणार नाही. तेव्हा वर्ष-दोन वर्षे जागा गुप्त ठेवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण स्वतःच्या वहीत खरे लिहा आणि गिऱ्हाइकाला ‘आत्ता सांगत नाही’ असे सरळ सांगा. खोटे गाव लिहिणे मात्र मला माफ करता येत नाही. कोऱ्या चिठ्ठीवर निदान पुढे काही लिहिता येते.

खोट्या चिठ्ठीचेच भावंड म्हणजे डिंक. सुटलेला कॅव्हन्साइटचा गोळा पांढऱ्याशुभ्र स्टिल्बाइटवर चिकटवून विकतात, हे आपल्यापैकी कोणाला नवे नाही. अतिनील दिव्याखाली बरेच डिंक चमकतात. दिवा महाग नाही, जवळ ठेवावा. तुटलेला तुकडा त्याच्याच जागी परत जोडला असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, फक्त ते सांगावे.

चिठ्ठ्या हरवतात, डबे बदलतात, घरात रंगकाम निघते. म्हणून नमुन्याच्या बुडाशी, स्फटिक नसलेल्या जागी, पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत टिपावा. अपोफिलाइटला हे करताना दाबून धरू नका. त्याची पापुद्र्याची खोड तुम्हाला ठाऊक आहेच. नावच त्यावरून पडले आहे.

पुढच्या अंकापासून आपल्या खरेदी-विक्रीच्या पानासाठी नियम बदलतो आहोत. प्रत्येक नमुन्यासोबत गाव, तालुका, खाण की विहीर की रस्त्याचे खोदकाम, आणि जोडकाम झाले असल्यास तसा उल्लेख हवा. निघाल्याचे वर्ष माहीत असेल तर तेही. गट क्रमांक मिळाला तर उत्तमच. जागा राखून ठेवायची असेल तर ‘राखीव’ असे छापू, मात्र खरी नोंद कार्यालयात बंद पाकिटात द्यावी लागेल. नुसते ‘जळगाव’ लिहिलेली जाहिरात परत येईल, नमुना खरोखर जळगावचा असला तरी.