हलका हात पुरत नाही

नवा रेकॉर्ड प्लेअर घरी आला की खोके उघडताच गाणे सुरू व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. परंतु खोक्यातून निघतात ते सुटे भाग : थाळी, रबरी पट्टा, टोनआर्म म्हणजे सुईची दांडी, कार्ट्रिज आणि एक गोल वजन. मग ओळखीतला कोणी जाणकार बोलावला जातो. तो दहा मिनिटांत जुळणी करून, चहा घेऊन जातो आणि यंत्राचे मर्मही त्याच्याबरोबरच जाते. माझे स्पष्ट मत असे की, ज्याच्या घरी तबकड्या आहेत त्याने ही जुळणी स्वतःच करावी. यात हौस थोडी, जबाबदारी अधिक आहे.

काम तसे अवघड नाही. मेज डगमगत नाही ना हे पाहून थाळीवर गवंड्याची पाणसळ ठेवावी व ती समतल करावी. पट्टा पीळ न पडू देता मोटरच्या कप्पीवर चढवावा. खरी परीक्षा दांडीची. मागचे वजन फिरवत दांडी तराजूसारखी आडवी तरंगू लागली की आकड्यांची कडी शून्यावर आणावी. मग वजन पुढे सरकवून माहितीपत्रकात सांगितलेला भार सुईवर द्यावा. हल्लीच्या बहुतेक कार्ट्रिजना तो दीड ते अडीच ग्रॅम असतो. फिरत्या तबकडीचे घर्षण दांडीला मध्याकडे ओढते; ती ओढ तोलणारी ‘अँटी-स्केटिंग’ची कळ सहसा त्याच आकड्यावर ठेवतात. अर्थिंगची तार असल्यास तीही जोडावी, नाहीतर गाण्यामागे सतत घूं असा आवाज येत राहतो.

मी चुकलो तो भाराच्या पायरीवर. वडिलांच्या तबकड्यांना इजा होऊ नये म्हणून दोन ग्रॅमऐवजी जेमतेम एक ग्रॅम भार ठेवला. जितके हलके तितके सुरक्षित, असा माझा हिशेब! प्रत्यक्षात अति भाराने जशी झीज वाढते, तसेच भार कमी पडला तरी नुकसान होते. सुई खाचेत नीट बसत नाही. जोरकस स्वर आला की उसळते आणि खाचेच्या भिंतींवर आपटते. अभंगांच्या एका तबकडीत तानांच्या जागी आता खरखर आहे. पुढे भार बरोबर केला, पण ती गेली नाही. वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेली वस्तू मी महिन्याभरात बिघडवली, आणि तीही जपण्याच्या नावाखाली.

कोणी म्हणेल, आता सारे मोबाईलवर मिळते, एका तबकडीचे एवढे काय? गदगच्या मुलाची गोष्ट आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडावलेले भीमसेन जोशी १९३३ साली गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. ती तबकडी कोणी आधीच खरवडून ठेवली असती तर? पुढे त्यांनी मराठी अभंग गायले, कन्नड दासपदेही गायली. आपल्याकडच्या कपाटांत दोन्ही शेजारी शेजारी असतात, आणि सुईच्या निष्काळजीपणाला भाषेचा भेद नाही.

त्याच कपाटात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्याही असतील. त्यांची खाच लाँग प्लेच्या खाचेहून कितीतरी रुंद; त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. हे न जाणता मोठ्या कौतुकाने त्या पाहुण्यांपुढे वाजवणारे अनेक आहेत.

वारशाबद्दल आपण भरभरून बोलतो. पण नुसती माया पुरत नाही, माप लागते. आणि माप दुसऱ्याच्या हाताने कळत नाही. तंबोरा जुळवण्यात गवयाचा वेळ फुकट गेला, असे कोणी म्हणत नाही. तबकडीसाठीही तेवढा अर्धा तास द्यावा, आणि मगच सुई टेकवावी.