केशरी कार्डाचे ३४ रुपये

बुलढाणा जिल्ह्यातील केशरी शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबाला राज्य सरकार माणशी दरमहा १७० रुपये देते. ही रक्कम पाच किलो धान्याच्या बदली आहे, म्हणजे किलोमागे ३४ रुपये. त्या पैशातून काय घ्यावे यावर कोणतेही बंधन नाही. त्याच गल्लीतील अंत्योदय कुटुंबाला गहू-तांदूळ मोफत मिळतात, पण त्याऐवजी ज्वारी किंवा डाळ मागण्याची सोय नाही. गरिबाने काय खावे हे कोणी ठरवायचे, या जुन्या वादाची दोन्ही टोके अशी एकाच गावात नांदत आहेत.

वाद खरोखरच जुना आहे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. माणूस किती अन्नावर जगू शकतो, याचा हिशेब सरकारी दप्तरात तेव्हा मांडला गेला. त्यात डाळ, तेल, मीठ यांना जागा होती ती त्या एका आण्यापुरती.

पुढे महायुद्ध आले आणि मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. रेशन हे मूळचे शहराचे अपत्य. टंचाईत सर्वांना सारखे वाटून द्यावे, एवढाच त्याचा हेतू होता. गरिबांसाठी वेगळे धान्य ही कल्पना फार पुढची.

ग्रामीण महाराष्ट्राच्या स्मृतीत रेशनचे धान्य घट्ट बसले ते १९७२ च्या दुष्काळामुळे. तेव्हा दुकानात मिलो आली. ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी होती. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. त्या पिढीतील माणसे आजही मिलोच्या भाकरीचे नाव काढले की तोंड वाकडे करतात. ज्वारीच्या मुलखात ज्वारीच आली होती, परंतु ती त्या मुलखाची नव्हती. भुकेने ती खायला लावली. कृतज्ञता आणि अपमान या दोन्ही भावना त्या एका घासात होत्या, म्हणूनच कदाचित ती विसरली गेली नाही.

सर्वांसाठीचे रेशन १९९७ मध्ये ‘लक्ष्यनिर्धारित’ झाले. १९९९ मध्ये महाराष्ट्राने पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आणली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य हा हक्क झाला; दर तांदळाला तीन, गव्हाला दोन आणि भरडधान्याला एक रुपया. राज्यात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून झाली आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये ठरली. तिच्यावर थोडेसे असलेले केशरी कार्डधारक बाहेर राहिले.

विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांनी हे बाहेर राहणे सरकारला अवघड करून टाकले. ऑगस्ट २०१५ पासून औरंगाबाद व अमरावती विभागांतील सर्व आणि नागपूर विभागातील वर्धा अशा १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने, माणशी पाच किलो मिळू लागला. बुलढाणा त्या १४ पैकी एक. सोयाबीन-कपाशी पिकवणाऱ्या, म्हणजे खाण्याचे धान्य शेतात जवळजवळ न उरलेल्या घरांना हा आधार मोठा होता.

तो तुटला २०२२ मध्ये. त्या वर्षी मार्चच्या उष्णतेच्या लाटेने उत्तरेकडील गव्हाचे पीक मारले, सरकारी खरेदी कोसळली आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. अन्नसुरक्षा कायद्याबाहेरच्या योजनांना केंद्राकडून मिळणारा गहू थांबला, काही महिन्यांनी तांदूळही थांबला. राज्याने त्यावर तोडगा काढला तो रोख रकमेचा. जानेवारी २०२३ पासून माणशी १५० रुपये, कुटुंबातील महिलेच्या बँक खात्यात. २०२४ मध्ये त्याचे १७० झाले.

या बदलाचे समर्थन करताना निवडीचे स्वातंत्र्य हा शब्द हमखास येतो. तो पोकळ मुळीच नाही. बुलढाण्याच्या घाटावरचा असो वा घाटाखालचा, माणूस मुळात ज्वारीची भाकरी खाणारा. त्याला दरमहा गहू-तांदूळच घे असे सांगणे हा त्याच्या ताटावर केलेला हुकूमच आहे. रोख रक्कम त्याला त्या हुकमातून सोडवते, असे म्हणता येईल.

पण हिशेब मांडला की मुद्दा डळमळतो. २०२४-२५ साठी केंद्राने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये ठरवला, म्हणजे किलोला सुमारे ३४ रुपये. २०२५-२६ साठी तो ३,६९९ झाला. बाजार समितीत शेतकऱ्याची ज्वारी अनेकदा हमीभावाखाली जाते हे खरे. परंतु किराणा दुकानात निवडलेली, पोत्यातून मोजून दिलेली ज्वारी त्या भावात येत नाही. हमीभाव दरवर्षी वाढतो. १७० रुपयांना मात्र महागाईशी बांधणारी दोरी नाही. नवा शासन निर्णय निघेल तेव्हाच ते वाढणार. पाच किलो गहू हा भाव वाढला तरी पाच किलोच राहत होता. शिवाय हे पैसे महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारी या जिल्ह्यांतून सतत येत राहिल्या. स्वातंत्र्य उधारीवर मिळाले तर वाण्याकडे कोणाचे चालते, हे खेड्यात कोणाला शिकवावे लागत नाही.

नेमका हाच आकडा शेजारी कर्नाटकात दिसतो. जुलै २०२३ मध्ये अन्नभाग्य योजनेच्या वाढीव पाच किलो तांदळाऐवजी तेथील सरकारने किलोला ३४ रुपयांप्रमाणे १७० रुपये देणे सुरू केले, कारण केंद्राने तांदूळ विकण्यास नकार दिला होता. २०२५ मध्ये तांदूळ उपलब्ध होताच कर्नाटक पुन्हा धान्याकडे वळले. रोख रक्कम ही दोन्ही राज्यांत गोदाम रिकामे असल्याची पावती होती.

गोदाम भरलेले असले तरी निवड गोदामाचीच चालते. अमेरिकेत १९३९ मध्ये अन्न-कुपने सुरू झाली तेव्हा ती दोन रंगांची होती. नारिंगी कुपनांवर कोणतेही खाद्य घेता येई. निळ्या कुपनांवर फक्त सरकारने ‘अतिरिक्त’ म्हणून जाहीर केलेला शेतमाल. तेथे आज वाद चालतो तो गरिबांनी या मदतीतून शीतपेये आणि गोळ्या-चॉकलेटे घ्यावीत की नाहीत, यावर. आपल्या रेशनला निळेच कुपन ठाऊक आहे. तूर उदंड झाली म्हणून २०१८ मध्ये तूरडाळ ३५ रुपये किलोने दुकानात आली. साठा संपला, डाळ गेली. सणासाठी म्हणून २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेलाचा ‘आनंदाचा शिधा’ आला. २०२५ च्या दिवाळीत तो आला नाही. प्रथिने आणि तेल हे गरिबाच्या वाट्याला सणासारखे येतात.

निवड नसण्याचा अर्थ किती गंभीर असू शकतो, हे याच जिल्ह्याने पाहिले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांतील माणसांचे केस अचानक गळू लागले. पाहता पाहता अनेकांना टक्कल पडले. १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. मुलामुलींनी शाळा-कॉलेजात जाणे सोडले, जुळलेली लग्ने अडली. तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील नमुने तपासून पंजाब-हरियाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. शास्त्रीय वाद आपल्या जागी. परंतु असा संशय आला तर खुल्या बाजारातील गिऱ्हाईक दुकान बदलते. शिधापत्रिकाधारकाला ‘एक देश, एक रेशन कार्ड’ने दुकान बदलता येते, धान्य नाही.

म्हणून रोख की धान्य, ही या जिल्ह्यापुरती चुकीची निवड आहे. कायद्यात भरडधान्य आधीच लिहिलेले आहे. राज्याने हमीभावाने ज्वारी खरेदी करून त्याच राज्यात रेशनवर वाटावी, अशी तरतूदही आहे. ओडिशाने आपल्या आदिवासी जिल्ह्यांत नाचणी अशीच दुकानापर्यंत नेली. बुलढाण्यात ज्वारी रेशनवर आली तर ती अधूनमधून, खरेदीचा साठा संपवायचा म्हणून. ती कायम मिळणार असे ठरले, तर कपाशी-सोयाबीनच्या मध्ये दोन एकर ज्वारी पेरायला शेतकऱ्यालाही कारण मिळेल. आज उलट घडते. स्वस्त गव्हाने भाकरी मागे सारली, आणि भाकरीबरोबर कडबाही गेला. गुरांच्या चाऱ्याचा प्रश्न त्यातून वेगळाच उभा राहिला.

राहतो तो केशरी कार्डाचा शेतमजूर. १४ जिल्ह्यांची योजना शेतकऱ्यांसाठी होती, म्हणून सातबारा हवा. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याला २०१५ मध्ये धान्य मिळाले नाही आणि २०२३ मध्ये पैसेही मिळाले नाहीत.